चित्र, कमंद आणि बाजूबंद: फारसी दास्तानांत तेच ते प्रसंग का येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘समक-ए-अय्यार’, ‘दाराबनामा’, हमजाची दास्तान, ‘अमीर अर्सलान’ अशा फारसी गद्य वीरकथा लागोपाठ वाचल्या की सगळीकडे तेच प्रसंग भेटतात. राजपुत्र चित्र किंवा स्वप्न पाहून प्रेमात पडतो, कुणीतरी मद्यात गुंगीचं औषध मिसळतं, नदीतून पेटी वाहत येते, बाप आणि लेक एकमेकांना न ओळखता लढतात. ही कल्पनेची गरिबी का? यांनी एकमेकांचं उचललं का? आणि या प्रसंगांची यादी करून अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करावी?

यादीपासून तर मुळीच करू नका. मी बरीच वर्षं फारसी गद्य शिकवते आहे. यादी करणाऱ्या विद्यार्थ्याची वही भरते, पण हाती काही लागत नाही, कारण यादीत सगळे प्रसंग एकाच वजनाचे दिसतात. त्यापेक्षा दर वेळी एवढंच विचारा, की हा प्रसंग आल्यामुळे सांगणाऱ्याला आता पुढे काय करता येणार आहे? कारण या कथा मुळात सांगायच्या होत्या. रात्रीमागून रात्री, पैसे देणाऱ्या श्रोत्यांपुढे त्या तोंडी रंगल्या आणि मग कुणीतरी लिहून घेतल्या. समकची कथा शीराझच्या सदका इब्न अबुल्कासिम या कथेकऱ्याची. ती फरामर्ज इब्न खुदादाद या अर्रजानच्या लेखनिकाने हिजरी ५८५ मध्ये, म्हणजे ११८९ च्या सुमारास, कागदावर आणली. सातशे वर्षांनंतरही हीच पद्धत दिसते. इराणच्या नासिरुद्दीन शाह काजारला झोपण्यापूर्वी गोष्ट सांगायला नकीबुल्ममालिक हा दरबारी नक्काल, म्हणजे कथेकरी, बसायचा, आणि शेजारच्या खोलीत दाराआड बसून शाहची मुलगी फख्रुद्दौला ती टिपून घ्यायची. ‘अमीर अर्सलान’ आपल्या हातात आलं ते असं.

आता सांगणाऱ्याच्या बाजूने पाहा. कझवीनचा अब्दुन्नबी फख्रुज्जमानी जहांगीरच्या काळात हिंदुस्थानात आला. त्याने १६३१ च्या सुमारास हमजाची दास्तान सांगणाऱ्यांसाठी ‘तिराजुल अखबार’ नावाचं पुस्तक तयार केलं. धंद्याचं पुस्तकच म्हणा. त्याचे मुख्य चार भाग: रज्म म्हणजे लढाई, बज्म म्हणजे मैफल, हुस्न-ओ-इश्क म्हणजे रूप आणि प्रेम, आणि चौथा अय्यारी म्हणजे हेरगिरी आणि चलाखी. प्रत्येक भागात त्या त्या प्रसंगी वापरायचे गद्य उतारे आणि शेर काढून ठेवलेले आहेत. कथा कुठेही असो, सूर्य उगवला, फौजा समोरासमोर आल्या किंवा नायिका पडद्याआडून दिसली की सांगणाऱ्याने आपल्या साठ्यातला तुकडा काढायचा. त्याच्या शे-सव्वाशे वर्षं आधी हेरातचा हुसैन वाइझ काशिफी याने ‘फुतुव्वतनामा-ए-सुलतानी’मध्ये किस्सा सांगणाऱ्यांसाठी नियम लिहिले. गद्याच्या अधूनमधून पद्य हवं, पण ते हंडीतल्या मिठासारखं, कमी पडलं तर बेचव आणि जास्त झालं तर खारट, असं तो म्हणतो. म्हणजे प्रसंग पुन्हा येतो हे या मंडळींना पूर्ण माहीत होतं. श्रोत्यांनाही माहीत होतं. कौतुक व्हायचं ते तो कसा आला याचं. तेव्हा कल्पनेची गरिबी हा आरोप मी तरी मानत नाही, आणि उचलाउचलीचा प्रश्नही इथे फारसा लागू होत नाही, कारण हा सगळ्या धंद्याचा सामाईक साठा होता.

तुमचं पहिलं उदाहरण घेऊ, न भेटता जडलेलं प्रेम. अर्सलान फर्रुखलकाचं चित्र पाहतो, ती फरंगच्या, म्हणजे युरोपच्या, पेत्रुसशाहची मुलगी. बिगमी या कथेकऱ्याच्या कथेत फीरोजशाह यमनच्या राजकन्येला, ऐनुल्हयातला, स्वप्नात पाहतो. समकमध्ये हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, राजपुत्र खुर्शीदशाह शिकारीत एका रानगाढवाच्या मागे लागतो, माळरानावर एका तंबूपाशी पोहोचतो आणि तिथे चीनच्या फगफूरची, म्हणजे सम्राटाची, मुलगी माहपरी त्याच्या दृष्टीस पडते. चित्र, स्वप्न, सावज, तिन्हींचं काम एकच. राजपुत्राला घराबाहेर काढायचं आणि त्याला जायचं ठिकाण द्यायचं, तेही शक्य तितकं लांबचं. हलब ते चीन! वाटेत सांगणाऱ्याला हवं ते घालता येतं. शिवाय मुलगी परक्या आणि बहुधा शत्रूच्या राजाची, म्हणजे प्रेमातूनच लढाईची सोय झाली.

पण हे प्रेम म्हणजे कथेचा गाभा, असं समजलात तर पुढचं काहीच जुळणार नाही. समकमध्ये माहपरी बाळंतपणात मरते. आपण पुस्तकाच्या शेवटाजवळही आलेलो नसतो! खुर्शीदशाहचं दुसरं लग्न होतं, आबानदुख्तला मुलगा होतो, त्याचं नाव फर्रुखरोज ठेवतात, आणि दुसऱ्या पिढीची कथा चालू. जिच्यासाठी अर्धं जग पालथं घातलं तिच्या मरणाने कथा थांबत नाही, कारण कथा तिच्या जोरावर चालतच नव्हती.

मग कुणाच्या? अय्यारांच्या. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

अय्यार म्हणजे नुसता चोर नव्हे आणि नुसता हेरही नव्हे. कमंद म्हणजे फासाचा दोर टाकून बुरूज चढणारा, भुयार खणणारा, वेष पालटणारा, गुंगीचं औषध जवळ बाळगणारा, आणि एका शपथबद्ध टोळीचा माणूस. ही जमात इतिहासात खरोखर होती. खलिफा अमीन आणि त्याचा भाऊ मामून यांच्या झगड्यात ८१२-१३ साली बगदादला वेढा पडला, तेव्हा शहराच्या बाजूने लढणाऱ्यांत अय्यार होते. सीस्तानचा याकूब इब्न लैस हा तांब्याची भांडी करणारा कारागीर, तो अय्यारांत शिरला, त्यांचा म्होरक्या झाला आणि नवव्या शतकात त्याने सफ्फारी घराणं उभं केलं. कथेकऱ्यापुढे बसलेल्या बाजारातल्या माणसाला राजपुत्रापेक्षा हा माणूस कितीतरी जवळचा वाटणार.

खुर्शीदशाह चीनमध्ये येतो तेव्हा माहपरीची दाई आडवी येते. ती जादूगारीण आहे. मागणी घालणाऱ्याने एक बेलगाम घोडा काबूत आणायचा, एका काळ्या गुलामाशी झुंजायचं आणि बोलत्या सरूच्या झाडाचं कोडं सोडवायचं, अशा तिच्या अटी. खुर्शीदशाहचा सावत्र भाऊ दिसायला हुबेहूब त्याच्यासारखा, तो त्याच्या नावाने पुढे होतो आणि दाईच्या कैदेत पडतो. आता राजपुत्राने काय करावं? तलवार आहे, घोडा आहे, घराणं आहे, आणि यातलं काहीच कामाचं नाही. तो शहरातल्या जवांमर्दांच्या, म्हणजे अय्यारांच्या टोळीच्या, घरी जातो. त्यांचा प्रमुख शगाल पीलजोर, आणि शगालने मुलगा मानलेला समक. जवांमर्दी म्हणजे काय, याचं उत्तर तिथे मिळतं: तिच्या बहात्तर बाजू आहेत, पण त्यातल्या दोन मोठ्या, भाकरी देणं आणि गुपित राखणं. नीट पाहा, या दोन्हींत लढाई कुठेच नाही. पुढे गुपित राखण्यावरच सगळं रण पेटतं, कारण हे लोक आसऱ्याला आलेल्याला राजाच्या हवाली करत नाहीत.

समक स्वतःबद्दल जे सांगतो त्याचा आशय असा, की आम्ही कफल्लक अय्यार, भाकरी मिळाली तर खाऊ, नाहीतर हिंडत राहू, आणि जे करतो ते नावासाठी करतो, पोटासाठी नाही. फारसीत नाव म्हणजे ‘नाम’ आणि भाकरी म्हणजे ‘नान’, एका अक्षराचा फरक, म्हणून ते वाक्य कानात बसतं. दाईला मारतो तो समकच. राजपुत्र त्या काळात काय करत असतो? रूहअफजा नावाच्या गायिकेच्या घरी लपलेला असतो, आणि बायकी वेष करून, गाणारी म्हणून राजवाड्यात शिरतो.

एक प्रसंग जवळून बघू या. शत्रूच्या फौजेत कतरान नावाचा पहिलवान आहे, दिवसा मैदानात कुणाला ऐकत नाही. त्याचा चाकर आतशक समकला पकडण्याच्या कामगिरीवर निघतो. पण आतशकचं मन दिलाराम नावाच्या मुलीवर जडलेलं आहे. समक त्याला म्हणतो, तुझी दिलाराम मी मिळवून देतो. मग शपथ होते, ईश्वराची आणि मीठ-भाकरीची. या कथांत मिठाला जागणं ही शपथेपेक्षाही पक्की गोष्ट. त्यानंतर आतशक समकला बांधून, खरोखरच कैदी म्हणून, कतरानच्या तंबूत हजर करतो. कतरान खूश, मैफल बसते, मद्य फिरतं. रात्री कतरान बेशुद्ध, आणि जो पकडून आणला होता तोच पकडणाऱ्याच्या धन्याला उचलून घेऊन जातो.

यात तुमच्या यादीतले किती प्रसंग आले पाहा: नोकराचं प्रेम, शपथ, खोटी कैद, गुंगीचं औषध, अपहरण. वेगवेगळे मोजलेत तर पाच घासून गुळगुळीत झालेले तुकडे. एकत्र पाहिलेत तर एक यंत्र चालताना दिसतं. दिवसा पहिलवान लढतात, तोल समसमान राहतो किंवा आपल्या बाजूचा कुणी पकडला जातो. रात्री अय्यार जातो, त्याला सोडवून आणतो, येताना शत्रूचा एखादा मोहरा उचलतो. सकाळी पुन्हा नगारा. दुसऱ्या बाजूलाही अय्यार असतातच, मग ते उचलून नेतात. फख्रुज्जमानीने अय्यारीला रज्म-बज्मच्या बरोबरीने स्वतंत्र भाग दिला तो उगाच नाही.

या यंत्राचा खिळा म्हणजे कैद. दास्तानांतले वीर मरतात त्यापेक्षा पकडले जातात जास्त. वाचणाऱ्याला याचा वैताग येतो. वजीर म्हणतो, “यांना आत्ताच मारा,” दुसरा कुणीतरी म्हणतो, “नको, ठेवा,” आणि शत्रू इतका बावळट कसा म्हणून आपण चिडतो. पण मेलेला पहिलवान सांगणाऱ्याच्या काही कामाचा नाही. कैदेतला पहिलवान म्हणजे उद्या रात्रीची बेगमी. हमजाच्या दास्तानीत याची आणखी एक तऱ्हा आहे. हरलेला पहिलवान इस्लाम स्वीकारतो आणि हमजाच्या फौजेत सामील होतो. धर्माचा रंग वरून दिसतोच, आणि तो खराही आहे. पण कारागिरीच्या दृष्टीने, पात्र वाया न घालवता फौज वाढवण्याची ही युक्ती आहे.

‘हुसैन कुर्द’ची कथा सफवी काळातली, शाह अब्बासच्या दिवसांत घडणारी. तिच्यात हे रात्रीचं काम इतकं वाढलं आहे की दिवस जवळजवळ उरतच नाही. बल्खचे उझबेक पहिलवान तब्रीझ आणि इस्फहानमध्ये रात्री घुसतात, लुटालूट करतात, इराणी पहिलवान त्यांचा सूड घेतात, आणि शेवटी हुसैन, हा मूळचा मेंढपाळ, अकबराकडून सात वर्षांची खंडणी आणायला हिंदुस्थानात येतो. अकबराने इराणला अशी खंडणी कधी दिली नव्हती, हे सांगायला नको. कथेला त्याचं सोयरसुतक नाही. तिला फक्त एक दूरचा आणि श्रीमंत दरबार हवा होता, पूर्वी त्या जागी चीन असायचा.

आता पेटीतलं मूल. आपल्याला लगेच कर्ण आठवतो, आणि आठवणं बरोबरच आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. बहमनची मुलगी हुमाय राज्य करते आहे. दाराब जन्मल्यावर ती त्याला जवाहिरांसकट पेटीत घालून फुरातच्या, म्हणजे युफ्रेटिस नदीच्या, पाण्यात सोडते, आणि तो एका धोब्याच्या हाती लागतो. कुंती लोकलाजेपायी सोडते, तर हुमायला सिंहासन सोडायचं नाही. पेटी तीच, पण हेतू बदलला की पुढची सगळी कथा बदलते. दाराबला पुढे आईशी जुळवून घ्यायचं आहे ते राज्याच्या प्रश्नावर. फिर्दौसीच्या शाहनाम्यात, म्हणजे त्याच्या फारसी महाकाव्यात, या भेटीआधी एक जागा आहे. फौजेची पाहणी करताना हुमायला तो तरुण दिसतो, कोण ते तिला माहीत नाही, आणि तिला पान्हा फुटतो. तारसूसीच्या गद्य ‘दाराबनामा’त मात्र हाच दाराब आधी समुद्रावर, बेटांबेटांवर कितीतरी भटकतो. पद्यात कवीने जे काही ओळींत संपवलं, ते गद्य सांगणाऱ्याने प्रवासांनी भरून काढलं.

पेटीसोबत नेहमी एक खूण जाते, दंडावर बांधलेलं रत्न किंवा बाजूबंद. ही खूण म्हणजे सांगणाऱ्याने आधीच काढून ठेवलेली हुंडी. ती कधी वठवायची ते त्याच्या हातात. सोहराबच्या दंडावरची खूण त्याच्या बापाला, रुस्तुमला, दिसते ती सुरा चालवून झाल्यावर. हे शाहनाम्यातलं, आणि श्रोत्यांना ते कधी पुरतं सोसवलं नाही. कहवाखान्यात सोहराब मारला जाण्याची रात्र आली की गर्दी उसळायची, नक्काल ती रात्र लांबवत न्यायचा आणि सोहराबला आज मारू नकोस म्हणून लोक पैसे द्यायचे, असं नक्कालीबद्दल लिहिणारे अनेक जण सांगतात.

यापुढे जे झालं ते मला फार बोलकं वाटतं. शाहनाम्याच्या मागून आलेल्या कथांत आणि नक्कालांच्या तूमारांत, म्हणजे त्यांच्या लिहून ठेवलेल्या आराखड्यांत, रुस्तुमला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा भोगावा लागतो. सोहराबचा मुलगा बुर्जू आजोबांवर चालून येतो. रुस्तुमचा आणखी एक मुलगा जहांगीर बापाशी भिडतो. दोन्ही वेळा ओळख वेळेवर पटते, बुर्जूच्या बाबतीत त्याची आईच मध्ये पडते. एकदा कायमचं बिघडलेलं दुरुस्त करायची ही धडपड आहे. त्यामुळे बाप-लेकाची लढाई दिसली की आधी ही कुठली ते पाहा, बिघडवणारी की दुरुस्त करणारी. यादीत दोन्ही एकाच ओळीत बसतील आणि मुख्य गोष्टच निसटेल.

बायकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण न सांगता पुढे जाववत नाही. ‘दाराबनामा’च्या उत्तरार्धात दाराची मुलगी बूरानदुख्त आहे. अंगात प्रचंड ताकद, ओठावर मिशीची लव, चिलखत घालून ती इस्कंदरशी, म्हणजे सिकंदराशी, लढते आणि त्याला पळता भुई थोडी करते. पुढे तो तिला नदीत स्नान करताना गाठतो, लग्न होतं, आणि त्यानंतरही खरी लढाई तीच लढते. हा इस्कंदर चांगलाच लेचापेचा आहे. विल्यम हॅनवे या अभ्यासकाने असं मांडलं, की या बूरानदुख्तमागे पाण्याची जुनी देवता अनाहिता उभी आहे. इस्तख्रला तिचं ठाणं होतं, सासानी घराण्याचं तिच्याशी नातं होतं, आणि बूरानदुख्तच्या कथेतही इस्तख्र आणि पाणी दोन्ही आहेत. मला हे पटतं, पण एका मर्यादेपर्यंत. बाराव्या शतकात ऐकणाऱ्याला अनाहिता माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला दिसत होती ती आपल्या हरलेल्या देशाच्या वतीने परक्या विजेत्याला दमवणारी राजकन्या. समकमधली रोजअफजून तर स्वतः अय्यार आहे, समकची मानलेली बहीण, कमंद आणि औषध त्याच्याइतक्याच सफाईने वापरणारी. मानलेलं भावंड हे नातं या कथांत जागोजागी दिसतं, आणि त्याचं कारण उघड आहे. रात्री-अपरात्री स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करायचं तर कुजबुज नको, म्हणून आधी शपथेने भाऊ-बहीण व्हायचं आणि मग भिंतीवर चढायचं.

दुष्ट वजीर सगळीकडे आहे. समकमध्ये फगफूरचा मेहरान वजीर, अर्सलानमध्ये कमर वजीर. कमरची गंमत अशी की त्याच्यासमोर शम्स वजीर हा भला माणूस उभा केला आहे, दोघंही अर्सलानला ‘मीच तुझा हितचिंतक’ म्हणतात, श्रोत्याला खरं काय ते कळलेलं असतं, आणि आपला नायक नेमका चुकीच्या माणसावर विश्वास टाकतो. शाह झोपेऐवजी ताटकळत बसला असेल तर नवल नाही.

देव (फारसीत देव म्हणजे राक्षस), परी, त्यांचा काफ पर्वत, तिलिस्म म्हणजे मंतरलेल्या जागा, यांवर लोक सगळ्यात जास्त लिहितात. मी थोडक्यात आवरते. जुन्या समकमध्ये जादू आहे, पण माणसांची कारस्थानं तिच्यापेक्षा भारी आहेत. जसजसं अलीकडे यावं तसतशी जादू फुगत जाते. हमजा काफला जातो अठरा दिवसांसाठी आणि अडकतो अठरा वर्षं. तिथली आस्मानपरी त्याला सोडत नाही, इकडे त्याच्या प्रेयसीला, मेहेरनिगारला, घेऊन त्याचा साथी अम्र अय्यार एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात हलत राहतो. म्हणजे काफ हीदेखील नायकासाठी एक लांबलचक कैदच, आणि तो अडकलेला असताना जमिनीवरची कथा पुन्हा अय्यारच्या खांद्यावर. अर्सलानमधला फूलादजिरेह देव एका विशिष्ट पाचूजडित तलवारीशिवाय कशानेच मरत नाही. असा देव आला की आधी तलवारीचा शोध लागतो, आणि शोध लागला की प्रवास लागतो.

प्रसंगांच्या जोडीने ठरीव वाक्यंही पाहा, ती लोक वगळून वाचतात. ‘बातम्या सांगणारे, जुन्या खुणा वाहून आणणारे आणि साखर फोडणारे गोडबोले पोपट असं सांगतात की…’ ही सुरुवात. ‘हे इथे राहू दे, आता दोन शब्द अमक्याचे ऐक,’ हे स्थळ बदलताना. छापील पानावर हे भरताड वाटतं. तोंडी सांगताना मात्र नायक विहिरीत लोंबकळत असताना सांगणारा ‘हे इथे राहू दे’ म्हणतो तेव्हा त्या वाक्यावर पुढच्या रात्रीची कमाई ठरते.

एकच प्रसंग काळाबरोबर कसा कपडे बदलतो हे पाहायचं तर अर्सलान उत्तम. अनोळखी शहरात वेष पालटून आसरा घेणं हा जुनाच प्रकार. खुर्शीदशाह जवांमर्दांच्या आणि गायिकेच्या घरी लपला होता. अर्सलान फरंगच्या शहरात तमाशाखान्यात, म्हणजे नाटकघराला जोडलेल्या कहवाखान्यात, पाहुण्यांना पेलेबिले देणारा पोऱ्या बनतो. शहरकोतवाल अल्मासखान त्याला समोर बसवून पुन्हा पुन्हा उलटतपासणी घेतो, तूच अर्सलान आहेस कबूल कर म्हणतो, आणि तो सरळ नाकारत राहतो. जुन्या दास्तानीत हे काम शत्रूच्या अय्यारने केलं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या तेहरानच्या श्रोत्याला युरोपची नाटकघरं आणि पोलीस ऐकून माहीत झाले होते, मग ते कथेत आले.

हिंदुस्थानाशी या सगळ्याचा संबंध जुना आहे. अकबराने हमजाच्या दास्तानीची कापडावर चौदाशे चित्रं काढून घेतली, काम १५६२ च्या सुमारास सुरू झालं आणि पंधरा-एक वर्षं चाललं. त्यातली आज दोनशेसुद्धा उरलेली नाहीत. त्याचा कथेकरी दरबारखान हा इराणच्या शाह तहमास्पच्या किस्साख्वानाचा मुलगा. पुढे उर्दूत लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने हमजाचे शेहेचाळीस खंड काढले. त्या खंडांतला अय्यार आणि तिलिस्म देवकीनंदन खत्रींच्या हिंदी ‘चंद्रकांते’त उतरला, तिथून दूरदर्शनवर. आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिळाप्रेसवर शाहनाम्यासकट फारसी पुस्तकं छापून इराणकडे जात होती.

सुरुवात कुठून, याचं उत्तर राहिलं. ‘समक’पासून करा, परवेझ नातिल खानलरी यांनी संपादित केलेली प्रत घ्या. तिची फारसी साधी आहे, अलंकार कमी, वाक्यं आखूड. दोन-तीन वर्षं फारसी शिकलेल्याला कोश जवळ ठेवून जमते. वाचताना पानाच्या कडेला फक्त दोन खुणा करा, आत्ता दिवस की रात्र, आणि आत्ता कैदेत कोण. पहिल्या खंडाच्या शेवटी त्या खुणा वरून खाली एकदा नजरेखालून घाला. त्यानंतर ‘अमीर अर्सलान’ घ्या, तो झरझर वाचून होतो. ‘दाराबनामा’ तिसरा, आणि त्यात बेटांचा भाग कंटाळवाणा वाटला तर खुशाल ओलांडून बूरानदुख्तपाशी या. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू दे. ‘समक’चं मूळ हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात तीन खंडांत आहे आणि ते अपुरं आहे. खानलरींच्या छापील प्रतीचा पाचवा खंड संपवल्यावरही शेवट मिळणार नाही.